नाकाचं सांगून गेला नाहीस

अख्ख्या एरंडोलात माझ्यासारखी गुलाबाई कोणी करत नाही. बाकीच्यांना नाकं सरळ करता येतात.

हे माझं बोलणं नाही करीमभाई, तुझं आहे. तू ते भर बाजारात इतक्या वेळा बोललास की आता गिऱ्हाइकंच मला ऐकवतात. मी हसायचो. मी सगळ्यालाच हसतो, कापसाच्या जिनात बोटावर रुईचा गठ्ठा पडला तेव्हाही आधी हसलो आणि मग बोंबललो. पण आज मी हसणार नाही. आज तू समोर असतास तर तुझी बांगड्यांची पेटी उचलून अंजनी नदीत फेकली असती. मग पेटीमागं मीच गुडघाभर पाण्यात उतरलो असतो, आणि तू काठावर बसून बिडी ओढत म्हणाला असतास, "डाव्या बाजूले देख, नथ्थू, डाव्या." म्हणून त्याचाही राग आहे. मनातल्या मनात भांडायला लागलो तरी शेवटी तूच जिंकतोस.

हे माहेरपणाला आलेली माझी लेक जनी लिहून घेतेय. ती चौथी शिकली. मी जिनात पगाराला अंगठा देणारा माणूस. ती म्हणते, "आबा, 'शे' नको, पुस्तकात 'आहे' लिहितात." म्हटलं, लिही तुला हवं ते, ज्याच्यासाठी लिहितोय त्याला तरी कुठं वाचता येत होतं! ती असंही म्हणते की मेलेल्या माणसाला असं बोलू नये. मी म्हटलं, तो मेलाय हे मला अजून नीट पटलेलं नाही. पटलं की गोड बोलेन. तोवर लिही.

तिनं आणखी एक अडवणूक केली. म्हणाली, दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला गुलाबाई काय ते कळायला नको का? तर ऐक, तुला माहीतच आहे, तरी ऐक. भाद्रपदाच्या पुनवेला गुलाबाई माहेरी येते. महिनाभर राहते. कोजागिरीला नदीत जाते. तिच्या शेजारी तिचा नवरा गुलाबा, फेटा बांधून. आळीतल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन तिच्यापुढं गाणी म्हणतात आणि झाकल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखतात. ही मातीची रंगवलेली जोडी दर साली नवी लागते. आणि तू मण्यार. बाजारात लिंबाखाली बसून बायांना बांगड्या भरायचास. मुसलमान माणसाचा गुलाबाईशी संबंध काय, असं कोणी विचारलं तर सांगायचं, सगळा संबंध त्याचाच. मी नुसती माती मळली.

सुरुवात माझ्या पडण्यानं झाली. जनी सहा वर्षांची होती. तिच्यासाठी बाजारातून गुलाबाई आणली, दोन्ही हातांवर धरून, वरातीत चालावं तसा चालत आणली, आणि आमच्या दारातल्याच दगडाला अडखळलो. मला काही झालं नाही. गुलाबाचा फेटा तेवढा शाबूत राहिला. पोर अशी रडली की शेजारीण मला मारायला आली, तिला वाटलं मी पोरीला मारलं. मग मी रात्रीतून नवी करतो असं छातीठोक सांगितलं. काळी माती घेतली, ती सकाळपर्यंत तडकून तिचे कानवले झाले. नदीकाठची चिकण माती आणली, तीही तडकायला लागली. शेवटी माझ्या धोतराला जिनातून चिकटून आलेली रुई बायकोनं अंगणात झटकली, ती मातीत पडली, आणि तेवढी माती तडकली नाही. एवढीच माझी विद्या. अंगावरचा कचरा मातीत मळतो.

ती पहिली गुलाबाई इतकी वाईट होती की आळीतल्या पोरी भिंतीकडं तोंड करून गाणी म्हणायच्या. तू आमच्या आळीत बांगड्या भरायला आलास, ओट्यावर टेकलास, चष्मा कपाळावरून नाकावर ओढलास आणि तिच्याकडं बघत राहिलास. मी वाट बघत होतो. कोणीतरी चांगलं म्हणेल अशी मी तीन दिवस वाट बघत होतो.

तू म्हणालास, "नाक वाकडं शे."

मी म्हटलं, "बरं."

मग पेटी बांधून उठताना म्हणालास, "अशी दुसरी कितीले देशी?"

चांगली म्हणाला नाहीस. कितीला म्हणालास. माझ्या जन्मात मी केलेल्या कुठल्याही वस्तूची किंमत कोणी विचारली नव्हती. मला रात्रभर झोप नाही. बायको म्हणाली, "पोटात दुखतं का?" मी म्हटलं, "नाही, मी कारागीर झालोय." ती म्हणाली, "ओवा देऊ का?"

पुढच्या साली तीस जोड्या केल्या. गेरू, चुना, हळद, नीळ, दिव्याची काजळी, आणि सगळ्यात बाभळीचा डिंक. बाजाराच्या दिवशी तुझ्या शेजारी लिंबाखाली गोणपाट अंथरलं. मांडल्या. आणि त्यावर धोतर झाकून बसलो. तुला आठवतं ना? नक्की आठवत असेल, वीस वर्षं तू ते सांगून लोकांना हसवलंस. बाया येत, मला विचारत, "काय शे खाली?" मी म्हणे, "काही नाही." एका बाईला वाटलं कोणी आजारी माणूस निजलाय, तिनं पदरातला पेरू काढून ठेवला.

धोतर तू ओढलंस. न विचारता. तुझ्या पुढ्यात एका बाईचा हात होता, तो एका हातानं धरलेला, आणि दुसऱ्या हातानं माझं धोतर ओढून घडी करून माझ्या डोक्यावर ठेवलंस.

मग त्या बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "हाई कोनी बनाडी?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "धुळ्याचा एक कारागीर आहे. मोठा कारागीर. मी नुसता विकतो."

म्हटलं, हसतील तर धुळ्याच्याला हसतील. मी आपला निर्मळ. झालं उलटंच. ती बाई म्हणाली, "धुयाना माणूस हुशार शे, डोया कशा जिवंत काढ्या." डोळे जिवंत काढलेत म्हणाली! माझ्या उभ्या जन्मातलं पहिलं चांगलं बोलणं, आणि ते मी माझ्याच हातानं धुळ्याला पाठवून दिलेलं. मी तिथं बसून त्या धुळ्याच्या माणसावर जळायला लागलो. जो नव्हताच, त्याच्यावर.

तू मान वर केलीस. चष्म्यातून एक जोडी बघितलीस, दुसरी बघितलीस. मग सगळ्या ओळीवरून नजर फिरवलीस, आणि त्या लिंबावरचे कावळे उडतील असं ओरडलास, "आरे नथ्थू! हिनं लगीनच नही लागनं अजून!"

बाजार थांबला. गूळवाला तराजू धरून उभा राहिला.

झालं असं होतं की मी गुलाबाई माझ्या डाव्या हाताला बसवली होती. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, एवढं मलाही कळतं. पण करताना जोडी माझ्याकडं तोंड करून बसलेली. गुलाबाचा डावा हात माझ्या उजवीकडं येतो, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. नवरी उजवीकडं बसते ती लग्न लागेपर्यंत, मग उठून डावीकडं येते. म्हणजे माझ्या तीसच्या तीस गुलाबाया बिनलग्नाच्या, आणि शेजारी फेटा बांधलेला परका गडी. मी हिंदूच्या पोटी जन्मलेला, दोन लग्नांत करवला झालेला. आणि माझ्या देवीची बाजू मला सांगतोय एक मण्यार! तुला कसं दिसलं ते तू नंतर सांगितलंस, की तू जन्मभर बायांचे डावे-उजवे हातच बघितलेस. डाव्या हातात एक बांगडी पदरची जास्त भरायची, ती चुकली तर बाई उठत नाही. बरोबर आहे. पण हळू सांगता येत नव्हतं? कानात सांगितलं असतं तर तुझी पेटी फुटली असती?

मी म्हटलं, "त्या धुळ्याच्याची चूक आहे."

आणि तू म्हणालास, "धुयाना कसाना? बठ्ठ्या तुन्या हातन्या शेत. रुई देख, धोतरवरनी रुई, मातीमा दिसी राह्यनी."

बाया अशा हसल्या की एकीच्या हातात अर्धी चढलेली बांगडी टिचली. मी उठलो, गोणपाट गोळा करायला लागलो. तू माझा हात धरलास. तुझी ती पकड, बांगडी चढवताना हाताची हाडं गोळा करायचास ती, तिच्यातून पाटलाच्या सुनेचाही हात कधी सुटला नाही, माझा काय सुटणार. म्हणालास, "बस. आज उठना तर जिनगीभर धुयानाच राहशी."

मी बसलो. सुटेना म्हणून बसलो, पटलं म्हणून नाही.

एक म्हातारी पुढं आली. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. तिनं एक जोडी उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाली, "मना लगीनमा मी पायनामा व्हतू रे पोऱ्या. कोणता हातले बसनू, कोणले याद शे? संसार व्हयनाच ना!" पाळण्यातल्या नवरीनं पुन्हा सगळा बाजार हसवला, पण तिनं जोडी परत ठेवली नाही. मला विचारलं, "तूच बनाडी ना?"

तुझी पकड अजून होती. मी म्हटलं, "मीच."

एवढं एक अक्षर बोलायला मला तीस वर्षं लागली होती, आणि ते माझ्या तोंडून तू पिळून काढलंस. त्या दिवशी अकरा बिनलग्नाच्या गुलाबाया माहेरी गेल्या. त्या म्हातारीच्या घरात ते साल बरं गेलं असेल, कारण दुसऱ्या साली तिच्या सुना आल्या आणि उजव्या हाताचीच हवी म्हणून अडून बसल्या. आजही चार घरांसाठी मला चार जोड्या उलट बसवाव्या लागतात. तू दर साली त्या चार हातात घेऊन त्यांना विचारायचास, "का माय, औंदा तरी व्हई का लगीन?"

संध्याकाळी तू मला सांगितलंस ते मी विसरलो नाही, आणि मला ते विसरायचं होतं. तू म्हणालास, "माझं बघ. बांगडी दूरच्या भट्टीत होते, मी नुसती हातात चढवतो. म्हणून मी खुशाल ओरडतो, घ्या घ्या, अशी बांगडी मुलखात नाही. दुसऱ्याचं विकताना जीभ सैल सुटते. तुझं तुलाच विकायचंय, म्हणून ती टाळ्याला चिकटते. चिकटू दे. नुसतं बसून राहा आणि विचारलं तर खरं सांग." शहाणपण होतं. कोणी मागितलं होतं? मला शहाणपण नको होतं करीमभाई, मला हवं होतं 'चांगली झाली'. दोन शब्द. फुकटचे. तू आयुष्यात बायांना एवढ्या बांगड्या पदरच्या भरल्यास, मला दोन शब्द पदरचे दिले नाहीस.

मग तो रिवाजच पडला. पोळा झाला की पहिली गुलाबाई मी तुझ्या घरी आणायचो. तेवढी एकच पुरी केलेली. बाकीच्या सगळ्या माझ्या घरी ओल्या गोणपाटाखाली, अंग झालेलं, डोळे कोरलेले, नाक नाही. नाक शेवटी लावायचं, आणि ते तुझं बघून झाल्याशिवाय नाही. तू बघायचास, एक खोट काढायचास, मी घरी जाऊन ती सुधारून सगळ्यांना नाकं लावायचो. आणि खोट दर साली तीच! एका साली नाक डावीकडं. एका साली उजवीकडं. एका साली मी सुतळीनं मध्य मापून लावलं, तर म्हणालास, "सरळ शे, पन सर्दी व्हयनी असं वाटस." मी विचारलं, "मग करू कसं?" तू म्हणालास, "माले काय माहीत? मी मण्यार शे."

माझ्या बाजूनं एकदाच बोलायला मिळालं. एक भटजी भेटले, ते म्हणाले पूजेला बायको उजव्या हाताला बसते. मी जिनातून सुटून तसाच धावत आलो, अंगाला रुई चिकटलेली, गावानं बघितलं तर भूत धावतंय. तुला दारातूनच सांगितलं, "उजव्या हाताला बसते! पूजेला बसते! माझं चुकलंच नव्हतं!" तू सुपारी कातरत होतास. कातरून झाली. मग म्हणालास, "पूजाले बसनी का ती? माहेर उनी शे." माहेरी आलेली बाई पूजा कशाला सांगत बसेल म्हणे. त्यावर मी काय बोलणार होतो ते मला परवा सुचलं. परवा, करीमभाई. आठ सालानंतर सुचलं आणि ऐकायला तू नाहीस. आता ते मी कोणाला सांगू? जाऊ दे, सांगत नाही. तसाच जळत राहा.

लढाईच्या दिवसांत रंग मिळेनात, रॉकेल मिळेना तर काजळी कुठून येणार. तुझ्याही पेटीत अर्ध्या जागा रिकाम्या. तेव्हा मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काहीतरी फुटतं. आळीतल्या बायांनी वाढवलेल्या बांगड्यांच्या काचा गोळा केल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि गुलाबाईच्या लुगड्यावर डिंकानं चिकटवल्या. अशी चमकली म्हणतोस! तुझ्यापुढं नेऊन ठेवली. तू चष्मा पुसलास, परत बघितलीस आणि माझ्या कानाखाली वाजवलीस. खरंच वाजवलीस. मी पन्नाशीला टेकलेला, लेक उजवलेला माणूस. "फुटेल बांगड्यास्ना चुरा? सवाशीनना अंगवर?" असं ओरडलास. मग आपण दोघांनी ओल्या चिंधीनं तो सगळा चुरा पुसून काढला, बोटं कापली दोघांची. मी म्हटलं, "देवी माझी, चिंता तुला." तू म्हणालास, "हात मीच भरतो ना सवाशिणींचे." आणि चिंधी पिळलीस. मी नुसता पुसत राहिलो. बोलायला हवं होतं. काय ते आजही माहीत नाही.

आता औंदाचं.

औंदा मी गुलाबाईच्या हातात बांगड्या केल्या. रंगाच्या रेघा नव्हेत. मातीच्या, दोऱ्यासारख्या वळून, एकेक वेगळी. उजव्या हातात सात, डाव्यात आठ. डाव्यात एक पदरची. डोळे दुखेस्तोवर बसलो. तुला दाखवायची म्हणून बसलो, बाजारातल्या कोणाला ते कळणार नव्हतं. मनात म्हटलं, आता कसा नाक बघतो तेच बघू, आता याला हात बघावेच लागतील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणली. तू बाजेवर पडलेला, अंगावर गोधडी. भाबी म्हणाली ताप आहे. मी म्हटलं, पोळ्याचं जास्त खाल्लं असेल. बघ, असा मी. गुलाबाई तुझ्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, "देख."

तू डोळे अर्धे उघडलेस. म्हणालास, "ठेव. आज दिसत नही. सकाय सांगसू."

उद्या सांगतो म्हणे. आणि माझं डोकं फिरलं. जनी विचारतेय, "आबा, हे लिहू का?" लिही. सगळं लिही. मी म्हणालो, वीस वर्षं तू उद्याच सांगतोयस. म्हणालो, तुला बघवत नाही. म्हणालो, "जन्मभर दुसऱ्याचा माल विकलास. स्वतःच्या हातानं एक मणी केला नाहीस. तुला काय कळतं?"

तू भिंतीकडं वळलास. म्हणालास, "जाताना दार ओढी ले."

मी ओढलं नाही. रागानं सताड उघडं टाकून निघालो. म्हटलं, उद्या येऊन आणखी भांडतो. त्या 'उद्या'ला जिनात दुपाळी लागली, दोन पाळ्या सलग. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझा थोरला दारात उभा राहिला, चप्पल न घालता, आणि मला कळलं.

तू हे जाणूनबुजून केलंस, असं माझं म्हणणं आहे. माझ्या बोलण्यावर उत्तर नव्हतं म्हणून गेलास. किंवा उत्तर होतं आणि नेहमीसारखं द्यायचं नव्हतं. काहीही असो, ही काही भांडण संपवायची रीत नाही. आम्ही अडाणी माणसं, आमच्यात असं करत नाहीत. आमच्यात माणूस आधी चार शिव्या परत देतो.

कबरस्तानात मी मागं उभा होतो. सगळे तीन-तीन मुठी माती टाकत होते. माझी पाळी आली. मी वाकलो, मूठ भरली, आणि माझी बोटं, मेली ती बोटं, आपोआप माती चोळायला लागली. चिकण होती. खडा नाही, वाळू नाही. अंगठ्यानं दाबली तर ठसा राहिला. माझ्या मनात आलं, रुई घातली तर एक तडा जाणार नाही. तुझ्या कबरीच्या काठावर उभा राहून मी माती पारखत होतो. मागं माणसं खोळंबलेली. तुझा थोरला हलक्या आवाजात म्हणाला, "नथ्थूचाचा, टाका माती." मी टाकली. तीन टाकायच्या होत्या, किती टाकल्या ते ध्यानात नाही. घरी आलो तर एक मूठ तशीच होती, वळलेली. बायकोनं हात उघडून धुतला. या खेपेला तिनं ओवाही विचारला नाही.

तर आज असं आहे. परवा पुनव. घरात चाळीस गुलाबाया ओल्या गोणपाटाखाली बसल्यात, डोळे उघडे, नाक नाही. बायको रोज दोनदा पाणी शिंपडते. आता गोणपाटही पुरेना, कडा वाळायला लागल्या. अंग वाळलं की नाक चिकटत नाही, चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी गळून पडतं. जनी म्हणते, "आबा, लावा आता, कशीही लावा." पण कशी लावू? पहिलीचं नाक कसं झालंय ते तू सांगितलंच नाहीस. ते बरोबर असेल तर तशीच लावायची. वाकडं असेल तर सुधारायचं. कुठल्या बाजूला वाकडं तेवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. 'डावीकडं' म्हणायला किती ताप लागतो? दार ओढी ले म्हणालास ना? तेवढ्याच दमात झालं असतं.

म्हणून मी दुपारी तुझ्या घरी गेलो. म्हटलं, मला नाही सांगितलं, भाबीला तरी बोलला असेल. माझ्यामागं दिवा लावून बघितली असेल, काहीतरी बोलला असेल, नुसता हुंकार दिला असेल. भाबी इद्दतीत आहे, नवऱ्यामागं चार महिने परक्या पुरुषासमोर यायची नाही. दाराला पोत्याचा पडदा लावलाय. मी दाराबाहेर उभा राहिलो. दार उघडंच होतं. मी आत बघितलं नाही.

मी म्हटलं, "भाबी, करीमभाई काही बोलला का? शेवटी?"

मी पडद्याजवळ सरकलो.

"माझ्या गुलाबाईचं म्हणतोय मी. तिच्या नाकाचं काही बोलला का?"

पडदा हलला. खालून एक हात बाहेर आला. गावात नवी बांगडी आली की तू सगळ्यांच्या आधी ज्या हातात चढवायचास तो हात. कोपरापर्यंत मोकळा. मनगटावर बांगड्यांचा पांढरा वण तेवढा. त्या हातात माझी गुलाबाई होती, जशी ठेवली तशीच, एक कपचा उडालेला नाही. हातानं ती उंबऱ्यावर ठेवली, तोंड माझ्याकडं करून, आणि मागं गेला.

मग पडद्यामागून भाबी बोलली.

"आठे घरमा माणूस मरी राह्यंता, नथ्थूभाऊ. तुमनी बाहुलीनं नाक कोन देखी?"